आठवा चेंडू, पुढे की मागे

त्या शनिवारी डुएन कुचेराला मिळणार काय होतं, तर एका ओळीतून सुटका. ओळ छापील होती, बारीक टाइपातली, आणि एक्केचाळीस वर्षं त्याच्या मानेवर बसली होती.

क्लियरफोर्ड कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल विक्रमांच्या पुस्तकात, एकसष्टाव्या पानावर, सर्वांत लांब किक, सर्वाधिक टचडाउन अशा मानाच्या ओळी संपल्या की खाली ती होती: 'एका सामन्यात विरोधकांच्या हाती फेकलेले सर्वाधिक चेंडू: सात. डुएन कुचेरा, १९८२.'

त्यात हे पुस्तक गेली बावीस वर्षं डुएनच सांभाळत होता. बिनपगारी काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं ते त्या ओळीवर डोळा ठेवूनच. पहिल्याच वर्षी ती ओळ गळाली. छपाईत जागा पुरली नाही असं त्यानं सांगितलं. आठवड्याभरात तीन फोन आले. दोन पलीकडच्या गावाहून, आणि तिसरा त्याच्या आईचा. तिचं म्हणणं, पोराचं नाव पुस्तकात एकाच जागी होतं, तेही तुम्ही लोकांनी खाल्लंत. पुढच्या वर्षी ओळ परत आली.

एरवी डुएनचा शब्द म्हणजे नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात शेवटचा शब्द. तो कौंटीचा मोजणीदार. दोन शेजाऱ्यांत कुंपणाच्या अर्ध्या फुटावरून बोलणं बंद झालेलं असलं, तरी डुएनचा आकडा आला की दोघंही टोपी घालून घरी जात. पण गावात कुणी नवा आला की कॅफेतला गिल्बर्ट श्लेगेल ओळख करून द्यायचा ती मोजणीदार म्हणून नाही.

तर तो शनिवार. कॉलेजचा ठरलेला क्वार्टरबॅक घोटा सुजवून बसला होता, दुसरा तापानं आडवा. चेंडू फेकायला उभा राहिला तिसरा, एमेट रोहलिक. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत कोचला ज्याचं नाव दोनदा विचारावं लागायचं असा. वर उत्तरेचा वारा सुटलेला.

मैदानाच्या माथ्यावरच्या लाकडी केबिनमध्ये नेहमीचे तिघं होते. डुएन दुर्बिणीतून बघायचा आणि काय झालं ते ठरवायचा. त्याची बायको मार्लीस, शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल, तो सांगेल ते संगणकात भरायची. गिल्बर्टकडे माइक. तिघांपुढे चिलीचे, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचे, वाडगे आणि दालचिनीचे गोड रोल.

पहिल्या अर्ध्या तासात एमेटनं फेकलेले तीन चेंडू समोरच्यांनी झेलले. चौथा गेला तेव्हा डुएन खुर्चीत ताठ झाला. पाचव्याला त्यानं रोल खाली ठेवला.

"हसतोयस," मार्लीस स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

"वाऱ्यानं डोळे बारीक होतायत."

"वारा बाहेर आहे, डुएन."

सहावा मध्यंतरानंतर गेला. कोच स्ट्रूबी यांनी बाकाकडे एक नजर टाकली. तिथं किक मारणाऱ्या पोराखेरीज कुणीच उरलं नव्हतं, त्यामुळे एमेट मैदानातच राहिला. सातवा गेला तेव्हा गिल्बर्टला राहवेना. त्यानं माइकवरून सांगून टाकलं की विक्रमाची बरोबरी झालेली आहे आणि जुने मानकरी या क्षणी आपल्यातच, वर केबिनमध्ये बसलेले आहेत. चारशे माणसं मागे वळली आणि टाळ्या वाजवू लागली. पाहुण्यांच्या बाजूनं तर जरा जास्तच. डुएनला उठून हात हलवावा लागला. एमेटही वर बघत होता.

सामना कधीच हातचा गेला होता. चार मिनिटं उरली होती, आणि डुएनला हवा होता फक्त एक. तो आलाही. एमेटनं बाजूला धावणाऱ्या आपल्या गड्याकडे चेंडू आडवा फेकला, मध्ये एक हात आला, आणि चेंडू घेऊन समोरचा पोरगा तिथंच लोळला.

आता यात एक मेख होती. आडवा फेकलेला चेंडू बोटभर जरी पुढे गेला, तर तो फेकलेला: एमेटच्या खात्यावर आठ, आणि डुएन मोकळा. तोच जर मागे गेला, तर तो फेकलेला नव्हेच. तो हातून सांडलेला, त्याचा रकानाच निराळा. चेंडू कसाही विरोधकांकडेच जाणार होता, म्हणून पंचांनी काही खूण करण्याची तसदी घेतली नाही. ठरवायचं होतं नोंद करणाऱ्यानं.

डुएननं पाहिलं होतं. हातातून सुटला एकतिसाव्या रेषेवर, झेलला बत्तिसाव्या. एक अख्खा यार्ड पुढे. त्याला टेप लावायची गरज नव्हती.

"बोल," मार्लीस म्हणाली. तिची बोटं कळांवर तयार होती.

खाली एमेट बाकाच्या टोकाला जाऊन बसला होता. हेल्मेट मांडीवर. त्याच्या शेजारी दोन जागा रिकाम्या सोडून बाकीचे बसले होते. ब्याऐंशी साली तीन जागा सोडल्या होत्या, हे डुएनला कुठल्याही पुस्तकात न बघता आठवलं.

"मागे," तो म्हणाला. "सांडला."

मार्लीसनं आता मात्र मान वळवली. "सांडला?"

"मोजणीदार कोण आहे आपल्यात?"

तिनं तसंच टाइप केलं. सबंध नोकरीत तिनं एकही पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलं नव्हतं.

घरी जाताना डुएनचा ऊर भरून आला होता. हाताशी आलेली सुटका त्यानं एका पोरासाठी सोडून दिली होती, आणि पोराला त्याचा पत्ताही नव्हता. दानधर्म असाच करावा, असं काहीतरी तो गाडी चालवताना बोललाही. मार्लीसनं रेडिओ लावला.

सोमवारी साडेदहाला एमेट कौंटीच्या मोजणी कार्यालयात हजर झाला. काखेत फुटबॉल. तो दारातून आत येतो न येतो तोच मागून पोस्टमननं फटका मारून चेंडू पाडला, "माफ कर रे पोरा" म्हणाला आणि टपाल ठेवून गेला.

"सत्तावीस," एमेट म्हणाला आणि चेंडू उचलला.

मग हळूहळू खुलासा झाला. कोच स्ट्रूबी या वर्षी नवे आलेले, आणि त्यांचा एक नियम होता, जो एव्हाना कॉलेज ओलांडून टपालखात्यापर्यंत पोचला होता, फक्त मोजणी कार्यालयाला तो ठाऊक नव्हता. फेकलेला चेंडू विरोधकांनी झेलला, तर त्यांच्या मते दोष वाऱ्याचा, नशिबाचा, फार तर कोचचा. पण हातून सांडणं हे पाप. ज्यानं सांडला त्यानं शुक्रवारपर्यंत एक चेंडू काखेत घेऊन हिंडायचं; वर्गात, जेवणघरात, चर्चमध्ये. वाटेल त्यानं तो पाडावा. जितक्या वेळा पडेल तितक्या मैदानाला फेऱ्या. जीवशास्त्राच्या बाईंनी एका तासात चारदा पाडला होता.

"सर, तो चेंडू पुढे होता की मागे?"

डुएननं टेबलावरची पट्टी सरळ केली. "तुला काय वाटतं?"

"मीच फेकला ना. पुढे होता. यार्डभर तरी."

"मग आठ होतात, बाळा. आठ म्हणजे पुस्तकात तू एकटा. म्हातारा होईपर्यंत लोक विचारत राहतात. मला विचार."

एमेटनं चेंडू दुसऱ्या काखेत घेतला. त्याचे दोन थोरले भाऊ याच संघात चार-चार वर्षं होते, तो म्हणाला, आणि अख्खं पुस्तक चाळलं तरी रोहलिक हे नाव कुठं सापडत नाही. "आणि राग मानू नका सर, पण विक्रमच करायचा तर तुमच्याबरोबर अर्धा कशाला?"

एक्केचाळीस वर्षांत ती ओळ कुणाला हवीशी वाटेल हे डुएनच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की घरातली एखादी जुनी खुर्ची कुणी उचलून चाललंय.

दुरुस्तीचा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं भरला. 'कारण' या चौकटीपाशी पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्यानं लिहिलं, 'मोजणीत चूक', आणि खाली सही केली. गावात बातमी पोचायला दुपार पुरली. तीन वाजता दोन शेजारी आपापल्या कुंपणांची फेरमोजणी मागायला आले, आणि त्यांच्यामागे गिल्बर्ट, नुसता बघायला.

कोच स्ट्रूबी यांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस न्यायी होता. त्यांनी एमेटच्या काखेतला चेंडू काढून घेतला.

"पोराच्या हातून सांडला नाही, हे मान्य," ते म्हणाले. "पण सांडला तर आहेच, कुणाच्या तरी हातून." आणि चेंडू डुएनच्या हातात दिला. फेऱ्या, त्यांनी वयाकडे बघून मुभा दिली, चालत मारल्या तरी चालतील. मागच्या सत्तावीस धरून.

शुक्रवारी संध्याकाळी चेंडू परत गेला तेव्हाचा ताळा असा. एमेट रोहलिक: आठ, पान एकसष्ट, एकटा. डुएन कुचेरा: पुस्तकात कुठेही नाही. त्याच्याकडे आल्यापासून चेंडू पडला एकूण तेवीस वेळा. कॅफेत चारदा, बुधवारच्या प्रार्थनेत एकदा, तो पाद्रीबाईंनी पाडला, डुएनचे डोळे मिटलेले असताना, आणि उरलेले अठरा घरी. हा आकडा बिनचूक आहे, कारण मार्लीसनं तो प्रत्येक वेळी तारीखवार लिहून ठेवला होता, आणि 'पाडणाऱ्याचं नाव' या रकान्यात अठराही ठिकाणी स्वतःचं नाव स्वच्छ अक्षरात घातलं होतं.