अभ्यास समितीचे तेवीस दात

सन दोन हजार तीनच्या ऑगस्टात हिंगोलीच्या रतनसिंग राठोड यांच्या कन्येने, म्हणजे शितलने, दाताची डॉक्टर होण्याचे ठरवले. बाब गंभीर होती. रतनसिंगांनी ती हाती घेतल्यावर ती फारच गंभीर झाली. बारावीचे वर्ष, पुढल्या मे महिन्यात प्रवेश परीक्षा. पोरीचे मागणे एवढेच, की सरावाला एखादा प्रश्नसंच आणून द्यावा.

"बा, कोणताबी एक आणा. मी आजच बसते."

"कोणताबी एक?" रतनसिंगांनी चष्मा काढला. हिंगोलीचा जिल्हा झाल्यापासून चार वर्षे ते एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि या काळात त्यांनी एकही वस्तू अशी निवडलेली नव्हती. कार्यालयाचा पाण्याचा माठसुद्धा तीन बैठकांनंतर आला होता; तोवर थंडी पडली होती. "कोणताबी एक म्हंजे मनमानी झाली, पोरी. उद्या कोणी इचारलं, हाच काहून घेतला, तर?"

"कोण इचारणार हाय?"

"ते माहीत न्हाई, म्हणूनच तयारीत राहावं लागतं."

दुसऱ्या दिवशी जावक क्रमांकासह आदेश निघाला. 'दंत प्रवेश परीक्षा साहित्य निवड अभ्यास समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष स्वतः रतनसिंग. सदस्य म्हणून पुसेगावचे निवृत्त विज्ञान शिक्षक ग्यानबा मास्तर. तज्ज्ञ सदस्य म्हणून दाताच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेले शिवशंकर. आणि ग्रामीण भागाला प्रतिनिधित्व हवे, म्हणून कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा मेहुणा भीमसिंग.

शितलची आई अनुसयाबाई मितभाषी, देवभोळी बाई. समितीच्या नावात 'अभ्यास' हा शब्द ऐकून तिला बरे वाटले. संच लेकराच्या हाती पडेपर्यंत मंगळवारचा निरंकार उपास धरीन, असे तिने देवापुढे बोलून टाकले. दोन-तीन मंगळवारांचा तर प्रश्न, असा तिचा अंदाज. रतनसिंगांशी लग्न होऊन वीस वर्षे झाली तरी बाईचा अंदाज असा चुकावा, ही श्रद्धाच म्हणायची.

पहिल्या बैठकीत साहित्य म्हणजे काय, यावर चर्चा झाली. पेन साहित्यात येते का, हा मुद्दा भीमसिंगने काढला आणि तो पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला. दिवाळीच्या सुमारास तीन संच नमुन्यादाखल आले. एक पुण्याहून पोस्टाने, एक नांदेडहून एस.टी.ने, आणि तिसरा झेरॉक्सचा, पहिले पान गेलेला, कर्ता अज्ञात. शितलने हात पुढे केला. रतनसिंगांनी संच छातीशी धरले.

"तुला न्हाई देता येत. तू लाभार्थी हायस."

"मग लाभार्थीलाच तर द्यायचं असतंय ना?"

"निवडीच्या आधी लाभ देला, तर निवड कशाची करायची?"

आता समितीचे नावच अभ्यास समिती, तेव्हा अभ्यासही समितीनेच करणे क्रमप्राप्त होते. आणि तो तिने केला. ग्यानबा मास्तर पहाटे उठून भौतिकशास्त्राची गणितं सोडवू लागले. शिवशंकर गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता रसायनशास्त्र पाठ करू लागले. भीमसिंगने जीवशास्त्र नेले. महिन्याभरात तो बैलाकडे बघून "चार कप्प्यांचं पोट हाय गड्याचं," असे म्हणू लागला. तांड्यावर त्याला पोरं वचकून राहू लागली.

इकडे शितल चुलीजवळ उजेडाला बसून कसलेसे पुस्तक वाचत होती. अनुसयाबाईने विचारले, "हे कोणतं वं?"

"कॉलेजातलं, याडी. क्रमिक पुस्तक." शितल आईला तांड्याच्या बोलीत याडी म्हणे.

"समितीनं देलं?"

"न्हाई. याला कोणीच निवडलेलं न्हाई. म्हणून तर वाचायला मिळून राहिलं."

अनुसयाबाईने दिव्याची वात वर सारली.

बारावीची परीक्षा होऊन गेली आणि मार्चअखेरच्या बैठकीत पेच उद्भवला. मोठ्या माणसाला दात किती? पुणे आणि नांदेड म्हणाले, बत्तीस. झेरॉक्सवाल्या संचात छापले होते, तेवीस.

"छपाईची चूक हाय," मास्तर म्हणाले.

"कशावरून?" रतनसिंग म्हणाले. "दोघं एकमेकाचं बघून छापत असतील. स्थळपाहणी करा."

शिवशंकरांनी दवाखान्यातला छोटा आरसा आणला. सदस्यांची तोंडे क्रमाने उघडण्यात आली. रतनसिंग अठ्ठावीस. भीमसिंग तंबाखूमुळे चोवीस. स्वतः शिवशंकर एकतीस. मास्तरांनी आऽ केले तेव्हा पाहणी लवकर आटोपली, नऊ. एकूण ब्याण्णव, भागिले चार.

सरासरी बरोबर तेवीस आली होती.

"बगा!" रतनसिंगांचा आवाज भरून आला. "पुण्यावाल्याला हिंगोलीचं काय माहीत?"

इतिवृत्तात नोंद झाली की, झेरॉक्सचा संच हाच स्थानिक परिस्थितीशी सुसंगत आहे. पेनाचा मुद्दा तेवढा राहिला होता, त्यात एप्रिल गेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नांदेडच्या गाडीला दीड तास असताना, हार घालून संच शितलच्या स्वाधीन करण्यात आला. तिने पोचपावतीवर सही केली. त्या दिवशी मंगळवार होता. बाईने संध्याकाळी दोन घास खाल्ले.

शितल पास झाली. सरकारी दंत महाविद्यालयात नंबर लागला. अनुसयाबाईने देवापुढे नारळ फोडला, समितीने स्वतःचा सत्कार ठरवला.

सत्काराला सगळ्या तालुक्यांतून पालक आले. रतनसिंगांनी नऊ महिन्यांच्या अभ्यासाचा अहवाल वाचला. मग शितल उभी राहिली. "मी तो संच उघडलाच न्हाई. आमच्या वर्गात सगळ्यांकडं हाय तेच क्रमिक पुस्तक मी पाच वेळा वाचलं." टाळ्या कडाडल्या. पोरगी किती नम्र, असे सगळे म्हणाले. आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागली.

सेनगावहून आलेल्या आशाबाई मागे थांबल्या. त्यांनी अनुसयाबाईला भिंतीशी घेतले. "ताई, तुमी देवाधर्माच्या. खोटं बोलणार न्हाई. खरं कोणतं होतं?"

"क्रमिक पुस्तकच, बाई. शपथ."

आशाबाईंचा चेहरा उतरला. "सांगायचं नसंल तर राहू द्या. पण असं तोंडावर कशाला?" आणि घरी जाऊन त्यांनी दीर, जाऊ आणि गावचे ग्रामसेवक अशी तिघांची समिती नेमली.

वाचकहो, तुम्ही काही आशाबाई नाही. तुम्हाला ही गोष्ट पटली असेल, घरी बारावीचे लेकरू असेल, तर ती त्याला जरूर वाचायला द्या. फक्त, हीच द्यावी की याहून चांगली एखादी मिळते, हे आधी चार जाणत्या माणसांना विचारून घ्या. घाई कशाला? परीक्षा मे महिन्यात आहे.