थँक्यूच्या ऐवजी पायरी

सन एकोणीसशे शहाण्णव, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. थंडी संपत आली होती, उन्हाळा अजून लागला नव्हता. त्या आठवड्यात मी गच्चीवरच्या टाकीची चीर स्वतः बुजवायचं ठरवलं. माणूस लावला नाही. जन्मभर गवंडीकाम केलं. माझ्या टाकीला दुसऱ्याचा हात कशाला?

चीर बुजली. शिडी पडली. (शिडी कुणी नीट लावली नव्हती असं सांगता आलं असतं, पण ती मीच लावली होती.)

खाली माणसांची ये-जा होती. पण हाका मारणं माझ्या स्वभावात नाही. हवा खायला आल्यासारखा उन्हात बसून राहिलो. डोकं तापून तव्यासारखं झालं, तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरने वर पाहिलं. हा बस चालवतो. पोट स्टिअरिंगला टेकतं, आणि सगळ्या जगाला थँक्यू म्हणतो. वाण्याला थँक्यू, पोस्टमनला थँक्यू, रस्त्यातून बाजूला झालेल्या कुत्र्यालाही थँक्यू.

"काका, शिडी लावू का?"

"लावायची असेल तर लाव."

त्याने लावली. मी उतरलो आणि सरळ घरात गेलो. बायको दारातच उभी.

"अहो, त्याला थँक्यू म्हणालात?"

"मान हलवली."

"मान तुम्ही माशी हाकलायलाही हलवता."

सून शिकलेली. समजुतीने म्हणाली, "बाबा, थँक्यू जड जात असेल तर धन्यवाद म्हणा."

"धन्यवाद दुकानाच्या पाटीवर असतो. त्याच्या वर 'उधार बंद' लिहिलेलं असतं."

"मग आभारी आहे?"

"आभार सभेत मानतात. मानले की लोक खुर्च्या उचलायला लागतात."

"उपकार झाले?"

"ते म्हटलं की मान कायमची खाली."

"मग नुसतं थँक्स. छोटंसं आहे."

"शेपूट तुटलं म्हणून पाल आवडायला लागते का?"

बायकोने पातेलं आपटलं. "सोड गं. माझ्या चहाला यांनी आजवर 'बरा झालाय' म्हटलं नाही."

"कप रिकामा करून देतो ना? मग?"

पण झोप लागेना. मी कुणाचं काही ठेवून घेणारा माणूस नाही, आणि शिडीचं देणं डोक्यावर बसलं होतं. तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा हाताने फेडावं, असं ठरवलं. ड्रायव्हरच्या दारातली पायरी मधोमध झिजून बशीसारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याची संध्याकाळची पाळी होती. दुपारी नवराबायको दार लावून झोपले होते. मी घमेलं, थापी घेऊन गेलो आणि आवाज न करता पायरी केली. पुन्हा झिजायला नको म्हणून इंचभर उंच घेतली. वरून अशी गुळगुळीत ओढली की तोंड पाहून घ्यावं. मनात म्हटलं, फिटलं.

घरी येऊन बायकोलाही 'फिटलं' म्हणून सांगितलं आणि हातपाय धुतोय, तोच पलीकडे ढकलाढकल सुरू झाली. ड्रायव्हरच्या घराला लोखंडी जाळीचं दार आहे. ते बाहेर उघडतं. म्हणजे उघडायचं. आता ते माझ्या पायरीला अडकलं होतं. (शेकडो दारांपुढे पायऱ्या बांधल्या मी. पण तेव्हा दारं उघडी असायची.)

"काका! दारात काय आहे हे?"

"नवी पायरी."

"कुणी केली?"

"नीट बघ. दुसरा कोण करील अशी?"

"सुंदर आहे, काका. पण मला बस काढायचीय. जरा फोडू का?"

"खबरदार! काम ओलं आहे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. खिडकीतून ये."

स्वयंपाकघराच्या खिडकीला गज नव्हते. आधी त्याचा डबा आला. मग चपला आल्या, मग पाय आले, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. आतून ड्रायव्हरीणबाई ढकलत होत्या, बाहेरून मी ओढत होतो.

"अहो, श्वास सोडा!"

"सोडला तर परत घ्यायला जागा कुठाय?"

शेवटी तो सुटला तो माझ्या खांद्यावर, आणि दोघंही मातीत बसलो. त्याने शर्ट झटकला, डबा उचलला आणि पळता पळता ओरडला, "थँक्यू, काका!"

मी तिथेच बसून राहिलो. ज्याला घरात कोंडलं तोच मला थँक्यू म्हणून गेला.

कुंपणावरून बायकोने विचारलं, "फिटलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. स्वतःचं काम स्वतः फोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ड्रायव्हर खिडकीतून उतरला (आता सरावला होता) आणि न सांगता घमेलं धरून बसला. ढलप्या उचलल्या, पाणी आणून दिलं. त्याच्या बायकोने खिडकीतून चहा दिला. मी ठोकत होतो आणि देणं चढत होतं: शिडीचं होतंच, त्यावर घमेल्याचं, त्यावर चहाचं. आणखी एखादं काम काढलं असतं तर घर त्याच्या नावावर करावं लागलं असतं.

इंच उतरला. दार उघडलं. ड्रायव्हरीणबाई बाहेर आल्या. पलीकडे माझी बायको आणि सून पदर खोचून बघत उभ्या. पळायला जागा नव्हती. मी छिन्नी खाली ठेवली, ताठ उभा राहिलो, घसा साफ केला.

"थँक्यू!"

आवाज जरा मोठा लागला. ड्रायव्हरच्या हातून घमेलं पडलं. मग तो हसला.

"मेन्शन नॉट, काका."

हे काय नवीन, ते मला कळेना. मी सुनेकडे पाहिलं.

ती म्हणाली, "बाबा, म्हणजे बोलायची काही गरजच नव्हती."