गालातील गोळीचे प्रकरण

सुज्ञ वाचकहो, एका सरळमार्गी मनुष्याची खुर्ची त्याच्याच आतड्यांपायी कशी धोक्यात आली व ती कशी वाचली, हा वृत्तांत येथे यथामती सादर होत आहे.

नोंदणी कचेरीच्या पहिल्या खिडकीवरील कारकून दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडून धावत असे. पोटात कळ आली की समोरची रांग, हातातील शिक्का, सर्व जागच्या जागी राही. साहेब दयाळू होते. महिनाअखेर हे न थांबल्यास तळघरातील दप्तरखान्यात बदली करावी लागेल, असे त्यांनी हळुवारपणे सांगितले, आणि धीर म्हणून पुदिन्याच्या गोळ्यांच्या पाकिटांची थप्पी हातावर ठेवली. तळघरास खिडकी नव्हती. कारकुनाचा जीव तर खिडकीतच अडकलेला.

डॉक्टरांनी आतडी नाजूक असल्याचे निदान करून आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडले. बाईंनी दूध व कांदा काही आठवडे वर्ज्य केले आणि तोंडात जाईल ते वहीत उतरविण्यास बजावले. कारकुनाने उत्साहाच्या भरात गहू, डाळ व फळेही सोडली. घरात तिन्ही त्रिकाळ भात शिजू लागला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता हवा तेवढी खायची राहिलीय. तीही बेतानं घ्या, पोट फुगतं."

पोट मात्र कोणाचेच ऐकेना. पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी वही तीनदा चाळली.

"सांगितलं त्याच्या दुप्पट सोडलंत. ते का, हे नंतर विचारते. आत्ता गालात काय आहे?"

"गोळी. शुगर-फ्री. साहेबांनी दिलीय, पोटाला बरी म्हणून. दिवसाला पंधरा-वीस होतात."

"वहीत दिसत नाही."

"वही खाण्याची ना, बाई? ही तर नुसती गालात असते."

बाईंनी पाकिटाची मागील बाजू वाचून दाखविली. साखरेऐवजी घातलेला तो गोडवा जास्त झाल्यास धडधाकट मनुष्यासही पळवतो, मग नाजूक आतड्यांची काय कथा. त्यांनी गहू-डाळ तत्काळ सुरू करविली. दूध व कांदा पुढे एकेक करून तपासायचे ठरले.

गोळी सुटली, आणि खुर्ची ऊब धरू लागली. उरलेली पाकिटे कारकुनाने साहेबांस साभार परत केली. त्यांच्या दयेस नाव कसे ठेवावे, म्हणून कारण मात्र सांगितले नाही.

महिनाअखेर तो निकाल ऐकण्यास केबिनमध्ये गेला. खुर्ची रिकामी होती; टेबलावर पाकिटे उघडी.

शिपाई म्हणाला, "थांबा थोडं. साहेब चौथ्यांदा गेलेत."

कारकून थांबला. मग त्याने बाईंचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला, सवयीने त्यावर शिक्का मारला, चिठ्ठी पाकिटाखाली सरकविली आणि तो आपल्या खिडकीवर जाऊन बसला.

आपण येथवर वाचण्याची तसदी घेतलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
अण्णा छापखानेवाले