सल्ल्याची गळती

आमच्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेलाऐवजी वडीलधाऱ्यांचा सल्ला भरावा लागतो, आणि उन्हाळ्यापासून तो गळत होता.

गाडी आजोबांनी घेतलेली, ऑटोमॅटिक. बॉनेट उघडलं की एका अंगाला बारीक नळी दिसते. तिच्यात पातळी बघायची पट्टी असते. पट्टी काढायची, नळीला नरसाळं लावायचं आणि घरातल्या मोठ्यांनी त्यात बोलायचं. आमच्याकडे हे रविवारी जेवणानंतर होतं. बाबा आणि प्रमिलाआत्या पोर्चमध्ये खुर्च्या टाकून बसतात आणि आळीपाळीने सोडतात : सरकारी नोकरीचं बघ, झेपेल तेवढंच करावं, चारचौघांत शोभेल असं वाग. सल्ला रंगाने तांबूस, वासाला जरा खवट. गाडी त्यावर छान चालते. माणसं चालत नाहीत, पण तो गाडीचा दोष नाही.

नळी जिथे गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे रबराचं सील असतं. ते कडक होऊन चिरलं होतं. थेंब थेंब सल्ला फरशीवर पडायचा आणि ज्याचा पाय पडेल त्याला लागायचा. दूधवाल्याने त्यात पाय दिला आणि त्याच दुपारी बँकेत मुदत ठेव केली. शेजारचं मांजर त्यातून चालत गेलं, तेव्हापासून ते दिवेलागणीला घरी येऊन झोपायचं. मी मागच्या दाराने ये-जा करत होतो.

गुरुवारी गाडीची फेरनोंदणीची तपासणी होती. तिथे गाडीखाली पुठ्ठा सरकवतात. पुठ्ठ्यावर डाग पडला की गाडी भंगारात.

"पास झाली तर गाडी तुझी," बाबा म्हणाले. "भाड्याने फिरव, नाहीतर तिच्यात राहायला जा. नापास झाली तर गुपचूप कॉलेजात परत जायचं."

"आणि सील कोण बदलणार?"

"तूच. अडीच वर्षं मेकॅनिकलला होतास ना? का नुसता कँटीनमध्ये होतास?"

कँटीनमध्येच होतो. ते त्यांना कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी मी सोपा मार्ग काढला. बाजारात बाटलीबंद सल्ला मिळतो, स्वप्नांचा पाठलाग करा वगैरे. गळती थांबवतो असं बाटलीवर लिहिलेलं असतं. ओतला, तर नुसता फेस झाला. गाडी जागेवर घुरघुरत राहिली आणि पुढे सरकेना. साहजिक होतं. मीही तो बरीच वर्षं ऐकत होतो.

मग नवं सील आणलं, रबरी हातमोजे चढवले आणि गाडीखाली शिरलो. आत्या खुर्चीतून वाकून बघत होती.

"हेरंबा, कोरडं बसवू नकोस. आतलाच सल्ला बोटाने कडेला लाव. कुकरची रिंग आपण कोरडी बसवतो का?"

"आत्या, हा कुकर नाहीये."

"शिट्टी तर तुझीच होणारे."

मी ऐकलं नाही. आत्याचा सल्ला हा सल्लाच होता, आणि कोणाचं ऐकत नाही एवढं एकच काम मला नीट जमतं. पट्टीच्या नळीचा बोल्ट काढला, नळी उपसली, जुनं सील खरवडलं, सगळं रॉकेलने लखलखीत पुसलं आणि नवं सील कोरडं बसवलं. त्याला पीळ पडला. आधी थेंब पडत होते, आता धार लागली.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि दोघांवर ओरडलो. तुमच्याच बडबडीने ही वेळ आली, आता या घरात कोणी तोंड उघडायचं नाही, असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं.

दुसरं सील आणून बसवतानाही हातमोजे होतेच. गळालेला सल्ला बोटावर घेतला, कडेने फिरवला आणि नळी दाबली. टक्क करून बसली. थेंबही पडेना. पण पातळी आता पट्टीवरच्या खालच्या खुणेच्याही खाली गेली होती आणि भरायला कोणी नव्हतं. मी नरसाळं घेऊन बाबांसमोर उभा राहिलो. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"तूच म्हणालास ना, तोंड उघडायचं नाही. आम्ही आपले आज्ञाधारक."

गुरुवारी गाडी कण्हत कण्हत तपासणीच्या रांगेत पोचली. गिअर घसरत होते. असं साहेबांसमोर चालणार नव्हतं. मी बॉनेट उघडलं, नरसाळं लावलं आणि मनात होतं ते सगळं बोललो. तुमच्या पिढीने आम्हाला काय दिलं, इथपासून सुरुवात केली. शिव्या नरसाळ्यातच अडकून बसल्या. हलवलं, ठोकलं, जाईनात. शेवटी उलटं करून गटारात टाकल्या आणि नरसाळं पुन्हा लावलं.

रांगेत पुढे एक मुलगी तिच्या आजोबांच्या काळातली स्कूटर घेऊन उभी होती.

"काय भरताय?"

"सल्ला."

"आमची टोमण्यांवर चालते."

"मायलेज?"

"आई घरी असली की भरपूर." तिने स्कूटर स्टँडवर लावली. "मी कॉलेज सोडतेय. दुसऱ्या वर्षाला आहे. नुसता वेळ जातो हो तिथे."

मला शाब्बास म्हणायचं होतं. मी नरसाळ्यावर रेललो आणि तोंडातून आलं ते असं :

"हे बघ, आत्ता कंटाळा आलाय, मान्य. पण एक कागद हातात असलेला बरा. राहिलेली वर्षं बघता बघता निघून जातात. मग कर काय करायचं ते, कोण अडवतंय? आम्हीही तुझ्या वयाचे होतो."

मी तिच्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठा असेन.

नळीत गुळगुळ आवाज झाला. मी पट्टी घालून बाहेर काढली. पातळी बरोबर वरच्या खुणेवर. रंग तांबूस, वास जरा खवट. हातमोजे घालूनच काम केलं होतं, म्हणजे घरच्यांचा अंगाला लागला म्हणायलाही जागा नव्हती.

"तुम्ही किती शिकलात, काका?" तिने विचारलं.

मी पट्टी पुसत राहिलो.

साहेबांनी पुठ्ठा सरकवला आणि गाडी पुढेमागे करायला लावली. मग पट्टी काढून हुंगली.

"घरचा की बाटलीतला?"

"घरचा."

"बराच जुना दिसतोय."

"नाही साहेब, आत्ताच भरलाय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लग्न झालंय?"

"नाही."

"करून टाका वेळेत," ते म्हणाले आणि पुठ्ठा ओढून काढला. तो कोरडा होता.

गाडी माझी झाली. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर बाबांनी नरसाळं धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. आत्याने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

पोर्चची फरशी आता कोरडी आहे. मांजर पुन्हा पहाटे पहाटे घरी येतं. काल त्याला समोर बसवलं आणि वेळेत घरी येण्याबद्दल जरा बोललो. बॉनेट बंद होतं आणि नरसाळं खुंटीला होतं. तरी आज पट्टी बघितली, तर पातळी खुणेच्या वर.