भामरेसाहेबांचा धीर

काँक्रीटची गाडी फाटकातून निघाली, की आमचे भामरेसाहेब लेक सासरी निघाल्यासारखे तिच्यामागे चार पावलं जात. मग ड्रायव्हरला फोन. "कुठे पोचलास? ड्रम फिरतोय ना? सिग्नलला सावली बघून उभी कर." ड्रायव्हर वैतागून म्हणायचे, "साहेब, सिग्नलला झाड कुठून आणू?"

नाशिकजवळच्या त्या प्लँटच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली होते. काँक्रीट वाटेतच घट्ट होऊ नये म्हणून त्यात एक तपकिरी रसायन घालतात. सगळे त्याला रिटार्डर म्हणतात, साहेब 'धीर' म्हणत. मूळचे नामपूरचे, त्यामुळे माया आली की बोलण्यात अहिराणी डोकावायची. "आज ऊन शे, हिला थोडा धीर द्या!" कुणी लग्नाचं विचारलं, तर म्हणत, "आमचा डोस जास्त झाला. सेट झालोच नाही." आम्ही हसायचो. तेही हसत.

एकदा ऐन थंडीत पंचवटीत एका घराचा स्लॅब होता. आम्ही दोघं साइटवर गेलो. दुपारी स्लॅब झाला आणि घरच्यांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. शिरा-पुरी, वांग्याची भाजी. घरभर माणसं, आरडाओरडा. त्या घरच्या वहिनींनी साहेबांना आग्रहाने तिसऱ्यांदा शिरा वाढला, तेव्हा ते नुसते ताटाकडे बघत राहिले.

जेवणं झाली, मजूर गेले. मी म्हटलं, "निघू या, साहेब?"

"तू जा. धीर जरा जास्त पडलाय. घट्ट होईपर्यंत कुणीतरी थांबायला हवं."

गाडी रिकामी झाली की आमचं काम संपतं. शिवाय त्या सकाळी थंडी म्हणून मी धीर घातलाच नव्हता, आणि ते साहेबांनीच मला सांगितलं होतं. मी एकटीच निघाले.

संध्याकाळी त्यांना घ्यायला गेले. साहेब ओट्यावर घरच्या बायकांत बसून मेथी निवडत होते. वहिनी नुकत्याच वर जाऊन स्लॅबवर चालून आल्या होत्या, पायांना सिमेंटची कोरडी भुकटी होती.

मला बघून साहेब गडबडले. "अजून ओला आहे, वाटतं..."

वहिनींनी पाय साडीखाली ओढून घेतले. "हो ना, ओलाच आहे," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकतेय, जेवूनच जा."