माझ्या गिटारीतली बाई

कुपवाडच्या एमआयडीसीत एखादी जळलेली मोटार कुणालाच दाद देईनाशी झाली, की ती शेवटी माझ्या टेबलावर येते. पाच हॉर्सपॉवरची मोटार मी डोळे झाकून बांधतो! तेव्हा गिटारीचा आवाज फाडणारं चिमूटभर सर्किट म्हणजे माझ्यासाठी काय? रविवारचा चहा आणि दुपारचं जेवण यांच्या मधलं काम! बायकोला, म्हणजे पायलला, मी तसं छाती ठोकून सांगितलंसुद्धा.

"आवाज फाडायचा कशाला? चांगला आहे की!" पायल म्हणाली.

आता तिला कसं सांगू? कराडला डिप्लोमाला असताना मी संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसायचो. तिथं एकदा मला एक सूर ऐकू आला. वाजवत कुणीच नव्हतं, तो माझ्या डोक्यातच होता. उसाचा ट्रॅक्टर चढाला लागावा तसा घरघरत सुरू झाला, मग हळूहळू त्याचं सगळं वजन गळून पडलं आणि तो पाण्यावरून तरंगत तरंगत पलीकडच्या झाडांत शिरला. वीस वर्षं झाली, तो अजून तिथंच आहे. मोटारीत तार भरताना मधेच तो सुरू होतो, आणि मी वेढे मोजायचं विसरतो!

साध्या गिटारीतून तो निघत नाही. त्याला सर्किटच लागतं. तर रविवारी मी ते बनवलं. दोन ट्रान्झिस्टर, चार कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात. गिटार जोडली, अॅम्प्लिफायर लावला, तार छेडली.

ढिम्म!

तासभर शोधल्यावर कळलं, एक ट्रान्झिस्टर उलटा बसलाय. तो सुलटा केला, बटण दाबलं, आणि तारेला हात लावणार, एवढ्यात गिटारीतून एक अतिशय गोड बाई म्हणाली, "नमस्कार! कसे आहात?"

"बरा आहे," मी म्हणालो. तोंडातून गेलंच!

"तुमच्या पत्राची किती वाट पाहिली!" बाई म्हणाली.

पायल कणकेच्या हातांनी दारात उभी. "कोण आहे ती?"

"गिटार!"

"गिटारीला पत्रं लिहिता तुम्ही?"

मी तोंड उघडलं, पण बाई माझ्यापेक्षा चपळ. "उसाचं पाचट जाळू नका," ती लाडानं म्हणाली. "कुट्टी करून सरीत पसरा."

पायलच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. "पाचटाचं काय बोलतीय ही?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं सर्किट रेडिओ पकडत होतं!

आता घरात आमच्या सासूबाई होत्या, आक्काताई. मी त्यांना मामी म्हणतो. फलटणजवळच्या खेड्यातनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. डोळ्यांवर काळा गॉगल, टीव्ही बंद, मोबाइल बंद. पायलनं मोबाइलवर रेडिओ लावून द्यायचा प्रयत्न केला होता. पण डॉक्टरांनी मोबाइल नको म्हटलंय म्हणजे नको, तो खोलीतसुद्धा नको, असं त्यांचं ठाम मत! आठ दिवस बिचाऱ्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. बाईचा आवाज ऐकून त्या चाचपडत आल्या आणि कॉटच्या कडेला टेकल्या.

"बोलू द्या तिला, जावईबापू."

मी आवाज जरा वाढवला. पडदे ओढलेले, खोलीत हिरवट उजेड, कॉटवर पडलेली गिटार आपली आपण बोलतेय. बाईनं ऊस संपवून एक जुनं गाणं लावलं. ते सर्किटमधून येताना असं खरखरीत, धुकट होऊन येत होतं, की लांब कुणाच्या तरी मळ्यात लग्न चाललंय आणि वाऱ्यानं आवाज आणलाय असं वाटावं. मामींची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. पायल कणीक विसरली. मी तर वीस वर्षं मागं गेलो. जेवायला तीन वाजले!

इथवर सगळं ठीक होतं. गडबड बुधवारी झाली. कामावरून घरी आलो तर दाराबाहेर सात-आठ जोड चपला! शेजारच्या बनाबाईंनी वाकून स्वागत केलं. "आक्काताई सांगत हुत्या, जावई गिटारीवर लय ग्वाड ऐकवत्यात म्हनून! आमास्नी बी ऐकवा की!"

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तटतटलं. मी तोंड धुतलं, भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट घातला. गिटार गळ्यात अडकवली, बटण दाबलं, डोळे मिटले, संगम आठवला आणि पहिली तार जोरात छेडली. घर्रर्र!

"आवं, आवं! हात काडा!" मामी ओरडल्या. "कालव्याच्या पान्याचं सांगाय लागलीया ती!"

"गप उबं ऱ्हावा की वाईच," बनाबाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो! पाऊण तास! गिटार गळ्यात, हात वर, इस्त्रीच्या शर्टात! जरा हललो की बाई खरखरायची आणि सात-आठ बायका एकदम "श्शू!" करायच्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी बिराप्पाला गाठलं. बिराप्पा आमच्या कंट्रोल पॅनेलचा डॉक्टर. सगळं ऐकून तो पोट धरून हसला.

"आरं गड्या, उगड्या तारा म्हंजे एरियलच की रं! वर डबा पलास्टिकचा. लोखंडात घाल, डब्याला अर्थिंग जोड, आन तोंडाला बारका कपॅसिटर लाव. बाई न्हाई हुबी ऱ्हायची!"

शनिवारी पायलचा जिऱ्याचा स्टीलचा डबा मी न विचारता उचलला. सगळं सर्किट त्यात बसवलं, डब्याला अर्थिंग दिलं, कपॅसिटर लावला. संध्याकाळी पुन्हा सगळ्या जमल्या. मामी मधोमध. मी बटण दाबलं. शांतता! नुसती स्वच्छ, काचेसारखी शांतता.

मग मी तार छेडली.

आणि तो आला! तोच! घरघरत उठला, चढ चढला, मग त्याचं वजन गळून पडलं, आणि तो खिडकीतून बाहेर, समोरच्या गच्चीवरून, वाळत घातलेल्या साड्यांवरून, कृष्णेच्या दिशेनं निघून गेला. माझ्या अंगावर काटा आला. डोळे आपोआप मिटले. वीस वर्षं मी या एका सुरासाठी थांबलो होतो!

डोळे उघडले. कुणी हलत नव्हतं. पायल माझ्याकडं पाहत होती, आमच्या लग्नाच्या वेळी पाहायची तशी. मामी पुढं वाकल्या.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "बाई गेली व्हय ओ?"

"अं?"

"बिगडलं आसंल. व्हतंय आसं. मनाला लावून घिऊ नगा, सावकाश सुदरवा."

सात-आठ बायकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. पायलनं तोंडाला पदर लावला.

मी मुकाट्यानं खाली बसलो. डब्याचं झाकण काढलं, अर्थिंगची तार सोडली, कपॅसिटर कटरनं तोडला.

"...तर शेतकरी बंधूंनो," बाई म्हणाली.

"आली, आली!" मामींनी टाळी वाजवली आणि गॉगल माझ्याकडं वळवून कौतुकानं म्हणाल्या, "बगा! मन लावलं की जमतंय तुमास्नी!"