साहेबांच्या गोळीचं वजन

ज्या विषयाचा आपल्याला काडीचाही अनुभव नाही, त्याच विषयावर माणूस खऱ्या अर्थाने निःपक्षपाती मत देऊ शकतो. अनुभवी माणसाचे पूर्वग्रह असतात. शिवाय त्याला उलट प्रश्न विचारले तर उत्तरं देता येतात, त्यामुळे चर्चा लवकर आटोपते आणि चहा एकदाच होतो. जगभरच्या समित्यांना हे तत्त्व मान्य असलं, तरी कुवेतमधल्या एका पाइप तपासणाऱ्या कंपनीत २००५ साली त्याचं जेवढं काटेकोर पालन झालं, तेवढं क्वचितच कुठे झालं असेल.

कंपनीचे मालक मजीदसाहेब शिकारीचे शौकीन. कुवेतचा पारा पन्नाशीकडे सरकू लागला की ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका शिकारगृहावर जात आणि वळणदार शिंगांचं एक मोठं हरीण मारून परत येत. (त्याला तिकडे कुडू म्हणतात. नाव कळल्याने हरणाला काही फरक पडत नाही.) बंदूक तिकडची, परवाना तिकडचा, आणि काडतुसंही तिथलाच एक माणूस हाताने भरून देई: पितळी पुंगळी, तिच्यात मोजून दारू, तोंडाशी गोळी. कुवेतमध्ये फक्त मत तयार करायचं होतं.

त्या वर्षी शिकारगृहाने कळवलं की शिशाच्या गोळीचे कण मांसात उतरतात, सबब यंदा तांब्याची गोळी घ्यावी, आणि ती नेहमीपेक्षा हलकी घ्यावी. तांब्याला साहेबांची हरकत नव्हती. हलकी या शब्दाने मात्र ते दुखावले. ज्यांची गाडी जड, घड्याळ जड, सहीचं पेनसुद्धा जड, त्यांनी हरणासमोर हलकी गोळी घेऊन उभं राहायचं? त्यांनी आपल्याच दोन इंजिनियरांचा अभिप्राय मागवला.

पहिला गुरुप्रसाद. पुण्याचा, कुवेतच्या मंगफ भागात राहणारा, शाकाहारी. वाढदिवसाला केक कापण्याआधी त्यात अंडं आहे का, हे तो तीन वेगवेगळ्या माणसांना विचारत असे. त्याची निवड करण्यामागे भक्कम कारण होतं. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या यंत्रातल्या तांबेमिश्रित नळ्या तो तपासत असे. आणि ज्याला तांब्याची नळी कळते त्याला तांब्याची गोळी कळलीच पाहिजे. दुसरा सलील, नाशिकचा, राहणार सलवा. त्याची निवड त्याचा आवाज मोठा होता म्हणून झाली.

दोघांचाही डोळा विभागप्रमुखाच्या रिकाम्या खुर्चीवर होता. वेळेची उधळपट्टी न आवडणाऱ्या साहेबांनी दोन्ही विषय एकत्र निकाली काढायचं ठरवलं. दोघांनी आपापलं वजन सुचवावं. साहेब एक दिवस एकाची गोळी वापरतील, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. ज्याच्या गोळीने हरीण पडेल तो प्रमुख. उरलेला जहराच्या यार्डात, उन्हात, पाइप मोजायला. (हसू नये. याहून तकलादू निकषांवर दिलेल्या बढत्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. काहींनी तर घेतल्याही आहेत.)

गुरुप्रसाद कामाला लागला. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या इंटरनेटवर, त्याने इतकं वाचलं की त्याला स्वप्नातही दारूचा वास येऊ लागला. (खरा वास त्याला ठाऊक नव्हता. स्वप्नात फोडणीचा येई.) निष्कर्ष सरळ होता. तांबं शिशापेक्षा हलकं. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला वाढते. लांब गोळी पुंगळीत दारूची जागा खाते, आणि बंदुकीच्या नळीतले आटे तिला पुरेशी गिरकी देऊ शकत नाहीत; मग ती हवेत डुगडुगते. त्यापेक्षा हलकी घ्यावी, ती वेगाने जाते. शिसं लागल्यावर फुटतं. तांबं फुलासारखं उमलतं आणि वजन राखून आत जातं. सबब, साहेब जिथे शिशाची एकशेऐंशी ग्रेनची वापरत, तिथे तांब्याची दीडशेची पुरे.

उमलणं हा शब्द लिहून झाल्यावर गुरुप्रसादला कसंसंच झालं. कुठे उमलतं, हे त्याने अहवालात लिहिलं नाही.

सलीलने एवढं वाचलं नाही. त्याने हिशेब केला. एकशेऐंशी ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. साहेबांना पुरा तोळा सोडून कमी देणं हा त्यांचा अपमान आहे, असा त्याचा एका पानाचा अभिप्राय होता, आणि कबूल करायला हवं, तो वाचायला फार सोपा होता. गुरुप्रसादची बायको श्यामलासुद्धा घटकाभर डगमगली. सोन्याच्या दुकानात कोणी मुद्दाम हलकं मागतं का, असं तिने विचारलं. पण मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं असतं हे तिला आठवलं, आणि तांबं अंगात गेल्याने हरणाचं नुकसान होणार नाही, याबद्दल ती निश्चिंत झाली.

हां हां म्हणता मराठी मंडळींत दोन तट पडले. मासिक सभेत घेतलेल्या कानोशानुसार हलकीच्या बाजूने सत्तेचाळीस टक्के, जडच्या बाजूने बावन्न. सभासदांचा बंदुकीचा एकत्रित अनुभव: जत्रेत फुगे फोडणे, दोन जण. (फुगे फुटले का, हे विचारणं सभ्यपणाचं वाटलं नाही.) उरलेला एक टक्का म्हणजे सावंतवाडीचा फिटर शत्रुघ्न. त्याने एवढंच विचारलं, "पण मटाण कोणाक गावतला?" प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेतला नाही.

साहेब गेले. पहिला दिवस सलीलच्या गोळीचा होता.

त्या दिवशी मंगफच्या त्या फ्लॅटमध्ये भूतदयेचं वातावरण होतं. श्यामलाने देवापुढे समई लावली आणि त्या मुक्या जिवाला काही होऊ नये म्हणून अथर्वशीर्ष म्हटलं. गुरुप्रसाद हात जोडून बसला. हरणाला घरी पोरंबाळं असतील, या विचाराने त्याचे डोळे खरोखरच ओले झाले. संध्याकाळी साहेबांच्या सेक्रेटरीचा, अशरफचा, फोन आला. शिंगाचं टोक मोडलेलं एक जाणतं हरीण अगदी समोर आलं होतं. साहेबांनी नेम धरला, गोळी हातभर बाजूने गेली, हरीण पळालं. घरात आनंदीआनंद झाला. अहिंसेचा विजय होतोच, असं गुरुप्रसाद दोनदा म्हणाला. सलवाहून बातमी आली की सलीलच्या मते दोष वाऱ्याचा होता.

दुसरा दिवस गुरुप्रसादच्या गोळीचा.

समई पुन्हा लागली. वात तीच, गणपती तोच, अथर्वशीर्षही तेच. फक्त मागणं उलटं होतं, आणि ते शब्दांत कसं मांडावं हे दोघांनाही सुचेना. शेवटी श्यामलाने "सगळं आमच्या मनासारखं होऊ दे" असा मोघम मसुदा केला. तो देवाला कळेल अशी दोघांची खात्री होती. तिकडे सलवाच्या फ्लॅटमध्ये आज भूतदया पोचली होती. सलीलच्या बायकोने, शर्वरीने, हरणाच्या दीर्घायुष्यासाठी उपास धरल्याचं कळलं.

दुपार टळली, फोन वाजेना. गुरुप्रसादला जहराचं यार्ड दिसू लागलं: ओळीने पाइप, धूळ, आणि वही घेऊन उभा असलेला तो. त्याने जेवायचं ताट बाजूला सारलं.

"हरीण मेलं तर तुम्हाला खुर्ची," श्यामला हळूच म्हणाली. "आपण हे नक्की काय मागतोय हो?"

"अचूकता," गुरुप्रसाद म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. या वेळी खुद्द साहेब होते. "मुहंदिस," ते म्हणाले. इंजिनियराला ते हीच अरबी हाक मारत. "एक गोली, खलास. तुमारा गोली."

गुरुप्रसादने नमस्कार केला. फोनला की देवाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. श्यामला चक्का टांगायला धावली. मंडळींचे अभिनंदनाचे फोन येऊ लागले, त्यात बावन्न टक्क्यांचेही होते. सलील महिनाअखेर जहराला गेला, आणि दीडशे ग्रेनची तांब्याची गोळी योग्य असल्याचं सर्वमान्य झालं.

ती योग्यच होती. सुजाण वाचकांचंही तेच मत झालं असणार. बंदूक न पाहताही ते झालं, याबद्दल त्यांचं कौतुक आहे. राहता राहिली एक बारीकशी नोंद. पहिल्या दिवशी हरीण निसटलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं, कारण तुम्ही मनाने हळवे आहात. दुसऱ्या दिवशी फोन वाजेना तेव्हा तुमचा जीव टांगणीला लागला, आणि मग तो वाजला तेव्हाही तुम्हाला बरंच वाटलं. साहेबांनी भिंतीवर लावलेल्या शिंगांपैकी एकाचं टोक मोडलेलं आहे. हरीण तेच होतं.